सोजरमायचा विस्तव

कुलूप घातलेल्या घरातून धूर निघताना मी पहिल्यांदा पाहिला तो सोजरमायच्या वाडीत.

पौषातली दुपार होती. पाटोद्याहून जीपने फाट्यापर्यंत आणून सोडलं, पुढे मी माळावरून चालत गेले. खांद्याला पत्रकांची पिशवी. वाडीत शिरले तर माणूस नाही. या दाराला कुलूप, शेजारच्या दाराला कुलूप, समोरही कुलूपच. भुंकायला कुत्रंसुद्धा नव्हतं. दिवाळी झाली की आमच्याकडची गावंच्या गावं ऊस तोडायला निघून जातात, हे मला तोंडपाठ होतं. मी आणलेलं पत्रक त्याच माणसांच्या हक्कांबद्दल होतं. ती गावात नसताना ते कुणाला वाटायचं, एवढंच आमच्या संघटनेत कुणी ठरवलं नव्हतं.

परत फिरणार तोच एका माळवदाच्या झरोक्यातून धूर वर चढताना दिसला. पलीकडच्या पत्र्याच्या घरातूनही. दोन्ही दारांना बाहेरून कुलपं. मी कडी हलवून पाहिली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"हलवू नको, बाई. आत कुनी न्हाई."

कंबरेतून वाकलेली एक ठेंगणी म्हातारी उभी होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर खापर, खापरात निखारे. कंबरेला किल्ल्यांचा झुबका.

"आत कुणी नाही, मग धूर कसला?"

"चुलीचा. दुसरा कशाचा आसतोय?"

"पण माणूस नसताना चूल कोण पेटवतं?"

"मी. मानसं आसती तर त्यांनीच पेटविली नसती का?" तिने माझ्या पिशवीकडे बारीक नजरेने पाहिलं. "तू बँकेची का सर्व्हेची?"

"दोन्ही नाही."

"मंग ये. च्या घे."

ही सोजरमाय. पुढची दोन वर्षं मी त्या वाडीत जात राहिले. पत्रकं वाटायला जाते असं मी घरी सांगत असे.

तिचं काम असं होतं. वाडी निघायच्या दिवशी प्रत्येक बाई आपल्या घराची किल्ली तिच्याकडे आणून द्यायची. किल्लीला स्वतःच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली असे. चिंधी पाहून सोजरमाय घर ओळखायची, आणि घरापेक्षा बाई जास्त ओळखायची. "ही जांभळी सखूची. बाळंतपनाला मायेरी गेलती तवा नेसून गेलती." किल्लीबरोबर त्या आपापल्या दाराशी गोवऱ्या आणि कापसाच्या पऱ्हाट्यांची रास ठेवून जात. मग सोजरमाय रोज आपल्या चुलीतला विस्तव खापरात घेऊन निघायची आणि पाळीपाळीने एकेका घराची चूल पेटवायची. धूर लागला नाही तर माळवदाच्या लाकडांना वाळवी लागते, उंदीर होतात, उंदरांमागे साप येतात. हे कारण सगळ्यांना पटण्यासारखं होतं. तिचं स्वतःचं कारण वेगळं होतं.

"चूल गार पडली ना पोरी, की घराला वाटतंय आपल्याला टाकून दिलं."

वाडीत मागे राहायचे ते चार म्हातारे आणि दोन अंथरुणाला खिळलेल्या बाया. त्यांत दगडूअण्णा पूर्ण आंधळे. सोजरमाय खापर घेऊन त्यांच्या दाराशी थांबायची, निखारा त्यांच्या तोंडापुढून फिरवायची. "कळलं का, दिवस मावळला." अण्णा म्हणायचे, "कळलं. जरा जवळ धर की, दाढी न्हाई जळत." ती म्हणायची, "जळाली तर बरंच हाय, न्हाव्याचं काम वाचंल."

काडीपेटीवर तिचा राग होता. एकदा तिची चूल विझत आली होती, फुंकून तिला धाप लागली. मी पिशवीतली काडीपेटी काढून पुढे केली. तिने माझा हात बाजूला सारला आणि फुंकत राहिली. जाळ धरल्यावर पदराने डोळे पुसत म्हणाली, "काडीचा जाळ एकट्याचा. इस्तू चौघांचा आसतोय. इस्तू मागायला गेलं की मानूस इचारतंय, बरी हायस का, काल दिसली न्हाईस. काडीपेटी इचारती का?"

चैत्रात टोळ्या परतायच्या तो दिवस मी पहिल्या वर्षी तिच्यासोबत होते. ट्रॅक्टर वाडीत आले, माणसं उतरली. अंगावर उसाच्या पाचटाचे ओरखडे, केसांत धूळ, मांडीवर झोपलेली पोरं. घरं उघडली गेली, पण एकाही घरात कुणी काडी ओढली नाही. प्रत्येक बाई हातात गोवरीचा तुकडा घेऊन सोजरमायच्या दाराशी आली. सोजरमायने चुलीतला एकेक निखारा त्या तुकड्यावर ठेवला आणि प्रत्येकीला काहीतरी बोलली. "किती गं वाळलीस, मुकादमानं खायला घातलं न्हाई का?" "तुपलं वासरू लई द्वाड, माझं जोंधळं खाल्लं." सखूचा नवरा महादू कारखान्यावरून नवा लायटर घेऊन आला होता. तो चारचौघांत पेटवून दाखवू लागला. सोजरमाय म्हणाली, "लई भारी हाय रं. बरी हायस का म्हनून तुपल्या बायकूला आता त्योच इचारंल." अख्खी वाडी हसली. महादूने लायटर खिशात घातला आणि बायकोच्या मागे गोवरी धरून उभा राहिला.

मी ज्या घरात वाढले तिथे सहकार हा शब्द रोजच्या भाकरीसारखा होता. वडील कामगार चळवळीत. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांच्या पत्रकांवरून. 'एकजूट' हा मी लिहिलेला पहिला शब्द, असं आई कौतुकाने सांगते. त्यामुळे सोजरमायला मी पत्रक वाचून दाखवणं अटळच होतं. ती नीट ऐकायची. ऐकून झालं की हात पुढे करायची. "दे हिकडं." कागद घ्यायची, घडी करायची आणि चुलीत सारायची. "ऐकलं न्हवं का? मंग कागदाचं काम झालं."

एका पत्रकात जपानातल्या खेड्यांविषयी थोडं होतं. तिथे एखाद्याचं गवती छप्पर शाकारायचं झालं की सगळं गाव एकत्र येतं, आज याचं, पुढच्या वेळी त्याचं. ती एकदम सरसावून बसली.

"मजुरी देतेत का?"

"नाही. ज्याचं घर तो जेवायला घालतो. मग दुसऱ्याच्या घराला हाही जातो."

"म्हंजे आपल्या इर्जिकीवानी." पेरणी-नांगरणीला सगळ्यांनी आपापली बैलं घेऊन एकाच्या रानात जायचं आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं, ती इर्जीक. बैलं गेली तशी तीही गेली. थोडा वेळ ती निखारे उलथत राहिली. मग विचारलं, "आन ते बी उसाला जातेत का?"

"नाही, माय. तिथलीही पोरं शहरात जातात म्हणे. म्हातारीच उरतात."

"मंग तिथं बी आसंल कुनीतरी," ती म्हणाली, "किल्ल्या संभाळनारी."

तो कागद मात्र तिने दुसऱ्या दिवशी चुलीत घातला, आणि घालताना म्हणाली, "जपानचा हाय, बघू कसा जळतोय."

ती स्वतः उमेदीत ऊस तोडायची. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगाम अर्ध्यावर असताना तिचा नवरा तिकडेच, उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकची शिडी चढताना पडला आणि गेला. तिकडेच त्याला अग्नी दिला. मुकादमाने तिला बसमध्ये बसवून दिलं. ती वाडीत आली तेव्हा संध्याकाळ होत होती आणि वाडी ओस होती.

सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारच्या घरातून पिठलं-भाकरी येते, चार बायका बळेच घास भरवतात. हे सांगताना सोजरमायचा आवाज चढला नाही, उतरला नाही.

"बसले उंबऱ्यावर. म्हनलं, येईल कुनीतरी. कुठल्या घराला धूर दिसतोय का बघितलं. कुठंच न्हाई. कुलपंच कुलपं. दुसऱ्या दिवशी उठले, मपल्या हातानं काडी वढली आन मपल्याच सुतकात मपली चूल पेटविली. त्या भाकरीचा घास काय उतरंना."

तिला मूलबाळ नव्हतं. अर्ध्या कोयत्याला पुढच्या वर्षी कुठल्या टोळीने नेलं नाही. टोळी निघाली तेव्हा तिने सखूच्या सासूकडून किल्ली मागून घेतली. तिथून हे सगळं सुरू झालं. संध्याकाळी कुणीही वाडीत आलं तर त्याला एक तरी धूर दिसला पाहिजे, एवढाच तिचा हट्ट होता.

दुसऱ्या वर्षी पाऊस आलाच नाही. मृग कोरडा, आर्द्रा कोरड्या, पुढची सगळी नक्षत्रं नुसती नावाला. विहिरींच्या तळाशी चिखल राहिला, मग तोही तडकला. जनावरं छावणीला गेली. वाडीची एक दूध संस्था होती. दूधच उरलं नाही तेव्हा तिच्या खोलीलाही कुलूप लागलं. वाडीतलं हे एकच कुलूप असं की ज्याची किल्ली सोजरमायकडे नव्हती. ती चेअरमनकडे होती आणि चेअरमन बीडला राहायला गेले होते. टँकर यायचा तो फाट्यापर्यंत, त्याच्या मर्जीने.

टोळ्या त्या वर्षी दसऱ्याआधीच निघाल्या. मी त्या दिवशी वाडीत होते. बायका किल्ल्या देऊन जात होत्या, पण नेहमीची थट्टा नव्हती. सगळ्यांत शेवटी रुक्मिणताई आली. सोजरमायच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. तिच्या दाराशी ट्रॅक्टर उभा होता आणि त्यात जातं होतं, पाटा-वरवंटा होता. आणि सगळ्यांत वर, तिच्या सासूच्या मांडीवर, लाल फडक्यात बांधलेले देवाचे टाक. देव घेऊन निघालेलं घर परत येत नाही, हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही.

"माय," रुक्मिणताई म्हणाली, "औंदा किल्ली ऱ्हाऊ दे माझ्यापाशी."

"ऱ्हाऊ दे की," सोजरमाय म्हणाली. "तुपलंच घर हाय."

ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत ती उभी राहिली. मग आत गेली.

पुढच्या खेपेला गेले तर रुक्मिणताईच्या बंद दारासमोर, पायरीवर, तीन दगड मांडलेले. त्यांत जाळ. सोजरमाय गुडघे पोटाशी घेऊन शेजारी बसलेली.

"आत जाता येत न्हाई," ती म्हणाली. "मंग भाईर."

मला राग आला. तिचा नव्हे, पण समोर तीच होती. "माय, जी येणारच नाही तिच्यासाठी गोवऱ्या कशाला जाळतेस?"

"येनारासाठी कुनी बी जाळतंय," ती म्हणाली.

मग पहिल्यांदाच तिने मला काम सांगितलं. मी टोळीच्या भेटीला कारखान्यावर जाणार होते. "रुक्मिनीला म्हनावं, इस्तू राखंखाली झाकून ठिवलाय. सगळ्यांलाच म्हनावं. औंदा या म्हनावं." तिने माझा हात धरला होता. एरवी ती कुणाकडे काही मागत नसे. लोकांनी दिलेलं मिठाचं पुडकंसुद्धा नको नको म्हणत घ्यायची. त्या वर्षी तिला एकच गोष्ट हवी होती. वाडी परत यायला हवी होती.

त्या कारखान्याच्या कमानीवर 'सहकारी' हा शब्द माणसाच्या उंचीच्या अक्षरांत रंगवलेला होता. त्या कमानीखालून ऊस आत जातो आणि ऊस तोडणारा बाहेर राहतो. तो सभासद नसतो, त्याला सभेला बोलवत नाहीत, त्याच्या बायकोला आडोसा नसतो. पाचटाच्या कोप्या, झोपड्याच त्या, चिखलात उभ्या असतात आणि पोरं त्या चिखलात मोठी होतात. कुणाचा सहकार आणि कुणाशी? मी हा प्रश्न तेव्हाही पत्रकात छापला होता, आजही छापते. उत्तर अजून आलेलं नाही.

रुक्मिणताई कोपीपुढे भाकऱ्या थापत होती. मी निरोप सांगितला. तिचा हात क्षणभर परातीत थांबला.

"मायला म्हनावं, इस्तू हाय, पर पानी कुठं हाय? इस्तवावर शिजवू काय? राख?"

मुकादम पलीकडून ओरडला, "ताई, पत्रकं वाटा आन जावा. हंगाम सरला की टोळी तिकडंच, शहराकडं. बांधकामाला. गावात काय ठिवलंय?" कुणी त्याला अडवलं नाही. रुक्मिणताईने मला भाकरी बांधून दिली आणि जाताना एवढंच विचारलं, "मायचा खोकला कसा हाय?"

मी परत येऊन सोजरमायला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती रुक्मिणताईच्या पायरीवरचा जाळ नीट करत होती.

"खरं बोलली ती," ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळाने, "खोकल्याचं इचारलं ना? मंग बोलायचं तर सोडलं न्हाई."

फाल्गुनात एके दिवशी दगडूअण्णांचा फोन आला. त्यांच्या मोबाईलवर माझा नंबर एका बटणावर बसवून दिलेला होता, पण त्यांनी तो कधी दाबला नव्हता.

"पोरी, आज माझ्या तोंडाला ऊब लागली न्हाई," ते म्हणाले. "कालच्याला बी न्हाई. मी भित धरून धरून गेलो. रुक्मिनीच्या पायरीवर हाय ती. हात लावला. गार हाय."

मी पोचले तेव्हा शेजारच्या गावचा तिचा एक लांबचा पुतण्या आला होता. खांदा द्यायला माणसं कमी पडत होती. मग म्हाताऱ्यांनी दिला, मी दिला; बाईने खांदा द्यायचा का, हे विचारायला तिथे कुणी उरलंच नव्हतं. अण्णा तिरडीच्या दोरीला धरून मागून चालत होते. जाण्याआधी मी रुक्मिणताईला फोन केला होता. मी सांगितलं. फोन चालूच होता. मागे कोयत्यांचे आवाज येत होते, मग हळूहळू ते थांबत गेले.

राख सावडली त्या संध्याकाळी वाडीत ट्रॅक्टर आले. हंगाम संपायला अजून अवकाश होता. मुकादम शिव्या देत राहिला म्हणे. पहिल्या ट्रॅक्टरमधून रुक्मिणताई उतरली; छातीशी देवांचं लाल फडकं होतं. सोजरमायच्या कंबरेच्या किल्ल्या आम्ही तिच्या घरात खुंटीला लावून ठेवल्या होत्या. त्या घ्यायला बायका आत गेल्या, आणि तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की या दाराला कुलूपच नाही. कडीला कुलूप अडकवायचा कोयंडासुद्धा नव्हता. किल्ल्या घ्यायला लागल्यापासून ती कधी गावाबाहेर गेलीच नव्हती.

घरं उघडली. पोरं भुकेने रडत होती. तरी कुठल्याच घरात चूल पेटली नाही. महादूच्या खिशात लायटर होता. तो खिशावर हात ठेवून ओट्यावर बसून राहिला. बायका गोवरीचे तुकडे घेऊन आपापल्या दारात उभ्या होत्या. विस्तव मागायला जायचं कुठे?

"तसं बी पेटवायची न्हाई," सखूची सासू म्हणाली. "सुतक हाय."

"कुनाला?" कुणीतरी विचारलं.

"समद्यांलाच की."

बरोबरच होतं. आणि सगळ्या वाडीलाच सुतक तर भाकरी आणून देणार कोण? अंधार पडत होता. वाडी पुन्हा तशीच दिसायला लागली होती, सोजरमाय बसमधून उतरली होती त्या संध्याकाळसारखी. फरक इतकाच की आता आत माणसं होती.

दगडूअण्णा काठी आपटत आले. "सुतक कुनाला आसतंय?" ते म्हणाले. "मागं ऱ्हायलेल्याला. तिच्या घरात मागं कोन ऱ्हायलंय? न्हाई ना कुनी? मंग तेवढं एकच घर सुटलं. तिथं पेटवा."

मग रुक्मिणताई आत गेली. चुलीतली राख तिने बोटांनी उकरली, अगदी तळापर्यंत. राख गार होती. ती तशीच बसून राहिली. महादू पुढे झाला आणि त्याने लायटर तिच्या हातात दिला.

त्या रात्री सगळ्या वाडीचं पीठ सोजरमायच्या चुलीवर भाजलं गेलं. पहिली भाकरी रुक्मिणताईने मोडली, पण तिला घास उतरेना. सखूच्या सासूने तिच्या तोंडात बळेच कोंबला.

वाडी तिथे राहिली नाही. पाणी नव्हतं, ते मेलेल्या माणसासाठीसुद्धा येत नाही. आठवड्याभरात अर्धी माणसं शहराच्या वाटेला लागली. पण निघताना प्रत्येक बाईने किल्ली आणून त्याच खुंटीला लावली. रुक्मिणताईनेही, तिने आपल्या हिरव्या लुगड्याची चिंधी फाडली आणि दातांनी गाठ मारली. मी विचारलं, "आता कुणासाठी ठेवतेस?" ती म्हणाली, "पेटवंल की कुनीतरी."

मी अजूनही पौषात जाते. फाट्यावर उतरले की आधी मान वर करून पाहते. कधी धूर असतो, कधी नसतो. नसला की पत्रकांची पिशवी सोजरमायच्या उघड्या घरात ठेवते, गोवरीचा एक तुकडा उचलते आणि दगडूअण्णांच्या दाराशी जाऊन उभी राहते. काडीपेटी माझ्या पिशवीत असते. तरी मी विस्तव मागते. अण्णा चुलीतली राख चाचपडत विचारतात, "बरी हायस का? लई दिस आली न्हाईस."